चिन्ह कुणाचं, आमदार कुणाचा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "२०२४ च्या विधानसभेला मी एका छोट्या पक्षाला मत दिलं. उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. घरचे म्हणतात, मत पाण्यात घातलंस. मोठा पक्ष, छोटा पक्ष हे ठरवतं कोण? आणि निवडून येणारच नसेल तर अशा पक्षांनी उभं तरी का राहावं?"

मी वकील आहे. पंचवीस-तीस वर्षं सोलापूर-सांगलीकडच्या मतदारसंघांत उमेदवारी अर्जांची कामं करतोय. मोठ्या पक्षांकडे त्यांचे ठरलेले वकील असतात, त्यामुळे माझ्या वाट्याला येतात ते उरलेले: छोटे पक्ष, बंडखोर, अपक्ष. म्हणजे हरणाऱ्यांचा मला बराच अनुभव आहे, आणि त्या बाजूने बघितलं की खेळाचे नियम जास्त स्पष्ट दिसतात.

आधी मोठा कोण ते बघू. कागदावर ते ठरवतो निवडणूक आयोगाचा १९६८ चा चिन्हांबाबतचा आदेश. राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी तर विधानसभेला ६ टक्के मतं आणि २ आमदार, किंवा लोकसभेला त्या राज्यात ६ टक्के मतं आणि १ खासदार, किंवा विधानसभेच्या किमान ३ टक्के जागा. एकही माणूस निवडून आला नाही तर ८ टक्के मतं. राष्ट्रीय पक्षासाठी आणखी वरची अट, त्यातला एक मार्ग म्हणजे चार राज्यांत राज्य पक्ष असणं.

आता या कागदाची गंमत बघा. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष राष्ट्रीय आहे. महाराष्ट्रात २०२४ ला त्यांचा आमदार आला एक, डहाणूचा. बहुजन समाज पक्ष राष्ट्रीय, आमदार शून्य. आणि ५७ आमदार घेऊन सत्तेत बसलेली शिंद्यांची शिवसेना कागदावर राज्य पक्षच. तेव्हा 'मोठा' हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कुठे मोठा? आयोगाच्या यादीत, सभागृहात, की आपल्या तालुक्यात? तिन्हीकडे उत्तर वेगळं येऊ शकतं.

पण कागदाला कमी लेखू नका. कागद नसला तर काय होतं त्याचा एक किस्सा सांगतो.

२००९ ची विधानसभा. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या एका पक्षाचा कार्यकर्ता शेवटच्या दिवशी दुपारी दोनला माझ्याकडे आला. अर्ज तीनच्या आत जायला हवा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा, लागतो एक. बाकी सगळ्यांना दहा, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. गड्याने दहा सह्या आणल्या होत्या, प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहून. मी घाईत नजर फिरवली आणि अर्ज दिला. छाननीला कळलं की सातव्या सूचकाचं गाव २००८ च्या पुनर्रचनेत शेजारच्या मतदारसंघात गेलंय. सूचक उरले नऊ. अर्ज बाद. अधिकाऱ्याची चूक नव्हती, नियम तसाच आहे. चूक माझी होती. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, तेही वेगवेगळे दहा-दहा सूचक घेऊन. आम्ही एकच भरला होता. तो काही बोलला नाही. बाहेर जाऊन चहा घेतला आणि एसटीने घरी गेला. आजही कुणाच्या अर्जावर सूचकांची यादी बघताना मी सातव्या नावापाशी थांबतो.

मान्यता असली की आणखीही बरंच मिळतं. मतदार यादीची फुकट प्रत. आकाशवाणी-दूरदर्शनवर प्रचाराचा वेळ. ४० स्टार प्रचारक, ज्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या ४० लाखांच्या मर्यादेत धरत नाहीत. मान्यता नसलेल्याला २० च. यंत्रावर नावांचा क्रमसुद्धा तसाच: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, शेवटी अपक्ष. मतमोजणीला जाळीपलीकडे जी बाकडी टाकतात त्यावरही हाच क्रम. छोट्या पक्षाचा माणूस टोकाला बसून मान लांब करतो, आणि यंत्रावरचा आकडा शेजारच्याला विचारून लिहून घेतो.

सगळ्यात वाईट हाल चिन्हाचे. मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह राखीव. बाकीच्यांनी मुक्त चिन्हांच्या यादीतून घ्यायचं, आणि पुढच्या वेळी तेच मिळेल याची खात्री नाही. वंचित बहुजन आघाडीचंच बघा. २०१९ च्या लोकसभेला कपबशी, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४ च्या लोकसभेला प्रेशर कुकर, विधानसभेला परत सिलिंडर. चार निवडणुकांत तीन चिन्हं. स्वयंपाकघर पालथं घातलं म्हणून लोक हसले. पण वाडीवस्तीवर म्हाताऱ्या बाईला दर वेळी नवं चित्र पाठ करायला लावणं किती जड जातं, ते जो पत्रकं वाटत फिरला त्यालाच ठाऊक.

उलट चिन्हाच्या सारखेपणाने मोठ्यालाही फटका बसतो. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवार गटाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळाली नुसती पिपाणी. पवार गट ३२,७७१ मतांनी हरला. पिपाणीला पडली होती ३७ हजारांच्या वर. दिंडोरीत तर पिपाणीवाल्या अपक्षाने लाखाच्या वर मतं घेतली, तरी तिथे पवार गट निवडून आला. पिपाणीची सगळी मतं चुकून पडली असं मी म्हणणार नाही, पण सगळी जाणूनबुजून पडली असंही छातीठोक सांगता येणार नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, मग ती तीस टक्के का असेनात. या पद्धतीत पक्षाला एकूण मतं किती याहून ती कुठे आहेत हे महत्त्वाचं. ही पद्धत आपण जिथून घेतली त्या ब्रिटनमध्ये जुलै २०२४ ला रिफॉर्म पक्षाला १४ टक्क्यांच्या वर मतं मिळाली आणि जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना मतं १२ टक्के आणि जागा ७२. रिफॉर्मची मतं देशभर विरळ पेरलेली, लिबरल डेमोक्रॅट्सची दाट, ठरावीक वाफ्यांत.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१९ च्या लोकसभेला वंचित आणि एमआयएम एकत्र लढले. वंचितने राज्यभर उमेदवार दिले, ३७ लाखांच्या आसपास मतं घेतली, खासदार एकही नाही. एमआयएमने एकच जागा लढवली, औरंगाबाद, आणि ती ४,४९२ मतांनी जिंकली. आता मघाची अट आठवा: ६ टक्के मतं आणि एक खासदार. वंचितची मतं सात टक्क्यांच्या जवळपास होती. औरंगाबादची ती एक जागा एमआयएमच्या पतंगाऐवजी वंचितच्या कपबशीवर आली असती तर वंचितला राज्य पक्षाची मान्यता मिळाली असती. एका चिन्हाने दार बंद राहिलं. त्या वेळी याची चर्चा फारशी कुणी केली नाही, सगळे 'मतं कुणाची खाल्ली' यातच गुंतले होते.

दाट पेरणीचा जुना नमुना म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. आजच्या पोरांना शेकाप म्हणजे रायगडातला आणि सांगोल्यातला एक जुना फलक वाटतो. पण १९६२ ला महाराष्ट्राच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या तेव्हा विरोधकांत सगळ्यात जास्त आमदार शेकापचे होते, पंधरा. १९६७ ला एकोणीस. त्याच १९६२ ला गणपतराव देशमुख सांगोल्यातून पहिल्यांदा आले, आणि मध्ये १९७२ आणि १९९५ सोडलं तर २०१४ पर्यंत, एकूण अकरा वेळा निवडून आले. राज्यात पक्ष आटत गेला, तालुक्यात टिकला. २०१९ ला ते थांबले आणि त्यांच्या घरातला उमेदवार ७६८ मतांनी पडला. २०२४ ला त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख परत निवडून आले. आमच्या भागात या पक्षाला कुणी छोटा म्हणत नाही. तालुक्यापुरता तो मोठाच.

म्हणून तुमच्या घरच्यांचा प्रश्न मी जरा फिरवून विचारेन. तुम्ही मत दिलेल्या पक्षाची मतं राज्यभर विखुरलेली आहेत, की कुठल्या तरी दोन-तीन तालुक्यांत दाट आहेत? विखुरलेली असतील तर आमदार येणं अवघड. पण तिथेही एक गोष्ट लोकांना माहीत नसते: मान्यतेसाठी जी राज्यभरची टक्केवारी धरतात तिच्यात डिपॉझिट गेलेल्या उमेदवाराची मतंही मोजली जातात. डिपॉझिट वाचायला एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. ती नाही मिळाली तर विधानसभेला उमेदवाराचे १० हजार रुपये जातात, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे ५ हजार. जातात ते उमेदवाराचे पैसे. तुमचं मत पक्षाच्या खात्यात जमाच असतं.

आता जी गोष्ट छोट्या पक्षांचे पुढारी खाजगीत बोलतात आणि सभेत टाळतात, ती सांगतो. छोट्या पक्षाला विरोधक संपवत नाही. मित्र संपवतो.

आघाडी झाली की छोट्याला म्हणतात 'घटक पक्ष'. जागावाटपाच्या बैठका लांबत जातात, अर्ज भरायच्या आदल्या रात्रीपर्यंत. मग दोन-तीन जागा मिळतात आणि त्यातल्या एखादीवर मोठ्या मित्राचाही एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, निघतो. याला आपल्याकडे 'मैत्रीपूर्ण लढत' असं गोड नाव आहे. २०२४ ला उरणमध्ये महाविकास आघाडीतलेच शेकाप आणि ठाकरे गट दोघेही उभे राहिले. भाजप सुमारे साडेसहा हजारांनी जिंकला, शेकाप दुसरा, ठाकरे गट तिसरा आणि त्याची मतं विजयाच्या फरकाच्या कितीतरी पट. सांगोल्यातही तोच प्रकार झाला होता, तिथे शेकाप तरला कारण मुळं खोल होती.

दुसरा मार्ग याहून मऊ. मोठा मित्र म्हणतो, "जागा तुमची, माणूस तुमचा, चिन्ह तेवढं आमचं घ्या. गावोगाव माहीत असलेलं चिन्ह आहे, निवडून यायला सोपं." आणि ते खरंही असतं. २०१४ च्या लोकसभेला बारामतीत महादेव जानकर स्वतःच्या पक्षाकडून लढले आणि सत्तर हजारांच्या आत हरले. कमळावर लढले असते तर आले असते असं लोक अजून म्हणतात. पण चिन्ह घेतलं की काय होतं? राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे आमदार त्या पक्षाचा, ज्याने त्याला उमेदवारी दिली. कमळावर आलेला रिपब्लिकन कार्यकर्ता कायद्याने भाजपचा आमदार. व्हिप भाजपचा, सभागृहातली जागा भाजपच्या रांगेत, आणि मान्यतेसाठी मतं मोजताना तीही भाजपच्याच खात्यात. छोट्या पक्षाच्या फलकावर 'आमचे आमदार' म्हणून फोटो लागतो एवढंच. दौंडचे राहुल कुल २०१४ ला जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाकडून आले होते, २०१९ ला कमळावर. दोन्ही वेळा आमदारकी मिळाली, पण पक्षाच्या हातून जागा गेली.

आणि समजा छोटा पक्ष स्वतःच्या चिन्हावर जिंकला. मग पक्षांतरबंदीचा कायदा त्याचं रक्षण करतो का? इथे गोव्याकडे बघा.

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आज दोन-तीन आमदारांचा पक्ष आहे. पण गोव्यात १९६३ ते १९७९ सत्तेवर हाच होता, आधी भाऊसाहेब बांदोडकर, मग शशिकला काकोडकर. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही त्याची मूळ मागणी. १९६७ च्या जनमत कौलात ती लोकांनी नाकारली, तरी पक्ष त्यानंतर बारा वर्षं राज्य करत राहिला. २०१७ ला ४० पैकी काँग्रेसला १७, भाजपला १३ जागा. मगोचे तीन, गोवा फॉरवर्डचे तीन आणि अपक्ष घेऊन भाजपने सरकार केलं. तीन-तीन आमदारांना सोन्याचा भाव. मार्च २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर गेले, नव्या सरकारात मगोचे सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री झाले. आठवडा होतो न होतो तोच एका मध्यरात्री मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी भाजपमध्ये 'विलीनीकरण' केलं आणि ढवळीकरांना डच्चू मिळाला.

कायदा म्हणतो, दोन-तृतीयांश आमदार गेले तर पक्षांतर नाही. पन्नास आमदारांच्या पक्षात चौतीस जण फोडावे लागतात. तिघांच्या पक्षात दोन. म्हणजे ज्या कायद्याने फुटीला आळा बसायचा, तो छोट्यासाठीच सगळ्यात पातळ. आणि एकाच आमदाराचा पक्ष असेल तर? तो एकटा म्हणजेच शंभर टक्के. पुढे जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे पंधरापैकी दहा भाजपत आले, बहुमत घरचं झालं, आणि गोवा फॉरवर्डच्या तीन मंत्र्यांना वाट दाखवली गेली. छोट्या पक्षाचा भाव मोठ्याची संख्या पुरी होईपर्यंतच.

तरी तो भाव असतो तेव्हा जबरदस्त असतो हेही खरं. १९९५ ला युतीचे १३८ आमदार होते आणि निवडून आलेले अपक्ष ४५. ते सरकार अपक्षांच्या खांद्यावर उभं राहिलं. २००२ च्या जूनमध्ये शेकापच्या पाच आमदारांनी साथ सोडली तेव्हा विलासरावांच्या सरकारला विश्वासदर्शक ठरावाला सामोरं जावं लागलं. २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेसाठी वसई-विरारच्या बहुजन विकास आघाडीचे तीन, समाजवादीचे दोन, एमआयएमचे दोन, यांची मनधरणी चालली होती. २०२४ ला सत्ताधाऱ्यांना इतकं मोठं बहुमत मिळालं की असल्या दोन-तीन मतांना कुणी विचारेनासं झालं. त्यात बहुजन विकास आघाडी स्वतः शून्यावर आली, मनसे शून्यावर, प्रहार शून्यावर.

सगळेच छोटे पक्ष सोवळे आहेत असं मात्र समजू नका. शंभरेक सदस्यांची प्रतिज्ञापत्रं वगैरे जोडून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमाखाली पक्ष नोंदवता येतो, आणि देणग्यांवर करसवलत मिळते. काहींचं कार्यालय म्हणजे बंद दुकानाच्या शटरवरची पाटी. २०२५ मध्ये आयोगाने सहा-सहा वर्षं एकही निवडणूक न लढवलेले शेकडो पक्ष यादीतून काढले. बरंच झालं. माझ्याकडेही असे एक-दोन आले होते, उमेदवार नको, नुसते कागद नीट करून द्या म्हणणारे. मी हात जोडले.

राहिला 'मतं खाल्ली'चा मुद्दा. नांदेडला २०१९ ला अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी पडले आणि वंचितला एक लाख ६६ हजार मतं होती. लगेच हिशेब मांडला गेला की वंचित नसती तर चव्हाण आले असते. असेलही. पण त्या हिशेबात एक गृहीत दडलेलं आहे: ती मतं मुळात काँग्रेसची होती. कुठल्या यादीत तसं लिहिलंय? तो मतदार कदाचित घरीच बसला असता. कदाचित तिसरीकडे गेला असता. मत पडेपर्यंत ते कुणाचंच नसतं. मोठ्या पक्षाने जागा वाटताना हात आखडता घ्यायचा आणि निकालानंतर छोट्याला मतखाऊ म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. मात्र एखादा उमेदवार कुणाला तरी पाडण्यासाठीच कुणीतरी उभा केलेला असतो, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. ओळखायचा कसा? पाच वर्षांत तो माणूस तहसील कचेरीत कुणाच्या तरी कामासाठी दिसला होता का, ते विचारा.

तर तो २००९ चा नऊ सूचकांचा गडी. २०१४ ला तो परत आला, अर्ज भरायच्या पहिल्याच दिवशी. चार अर्ज, चाळीस वेगळे सूचक, प्रत्येकाच्या यादीच्या पानाची झेरॉक्स. त्या वर्षी चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढत होते, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्याला मतं पडली अकराशेच्या आसपास. डिपॉझिट गेलं. पण बूथवार आकडे काढले तर त्यातली सातशे मतं तीनच गावांची निघाली, पाणी योजनेसाठी तो जिथे चार वर्षं भांडत होता तिथली. फेब्रुवारी २०१७ ला पंचायत समिती लागली आणि त्याचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, नेमका त्या तीन गावांभोवतीचा. अर्ज भरायच्या आधीच्या आठवड्यात दोन मोठ्या पक्षांची माणसं त्याच्या अंगणात येऊन बसली होती, दोघांच्या खिशात एबी फॉर्म. त्याने मला फोन करून विचारलं, "वकीलसाहेब, ह्यांच्या चिन्हावर लढलो तर निवडून आल्यावर मी कुणाचा?"